ध्रुवावरचा डाग

रत्नागिरीत पावसाळाभर सावल्या नसतात. चार महिने सगळं एकाच राखी उजेडात असतं. माड, गडगे, रस्त्याने जाणारी माणसं, कशालाच उजळ बाजू नसते आणि काळोखी बाजूही नसते. मग भाद्रपद सरता सरता एखाद्या सकाळी अंगणात तुळशीची सावली पडलेली दिसते. कडा इतक्या स्वच्छ, की कात्रीने कापून ठेवल्यासारखी. मी हातातलं काम ठेवते आणि बघत उभी राहते. निवृत्त होईपर्यंत शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे ही खोड अंगात मुरलेली.

यंदाही तसंच झालं. गाद्या उन्हात टाकल्या, ट्रंकेतल्या चादरी दोरीवर आल्या. घरामागच्या कातळावर पिवळी सोनकी फुललेली, तिच्यावर लहान लहान फुलपाखरं. भिंतींतला ओलसर वास उन्हाने हळूहळू बाहेर यायला लागला. आणि दर वर्षी या उन्हाबरोबर येते तशी त्या एका अश्विनाची आठवण आली. त्या वर्षी मुग्धा घरी होती.

मुग्धा आमची एकुलती एक मुलगी. ती तेव्हा परदेशात पीएच. डी. करत होती, विषय तारे. गणपतीला येते म्हणाली होती. आली ती गणपती गेल्यावर. तिच्या बाबांबरोबर मी स्टेशनवर गेले होते. (घरात आता मीही त्यांना बाबाच म्हणते.) ती डब्यातून उतरली आणि तिच्यामागून एक भली मोठी बॅग उतरली. आठ दिवसांच्या रजेला एवढी बॅग कोणी आणत नाही.  बाबांनी बॅग उचलायला हात घातला आणि म्हणाले, "दगड भरलेस काय गो?" ती हसली, पण डोळ्यांपर्यंत हसू गेलं नाही.

दोन-तीन दिवस तिने नुसती झोप काढली. मग एका दुपारी जेवताना, भातावर कुळथाचं पिठलं घेता घेता, मान वर न करता म्हणाली, "मी परत गेले नाही तर चालेल?"

बाबा म्हणाले, "चालेल काय विचारतेस? घर तुझंच आहे. पावसला आंब्याची बाग आहे, बघायला माणूस हवाच आहे."

 मला आनंद झाला होता आणि तो तिला दिसू नये असं वाटत होतं. मूल हरून घरी आलंय, आणि आईला आधी काय वाटतं, तर ते घरी आलंय. ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नव्हती. पानात वाढायच्या निमित्ताने मी उठले.

शेजारपाजारचे लोक येत, तिला विचारत, "तुझी दुर्बीण कुठाय?" ती म्हणे, "माझ्याकडे नाही, ती दुसऱ्या देशात डोंगरावर असते." लोकांचा विरस होई. कोणी ग्रहणाबद्दल विचारी, कोणी पत्रिकेबद्दल. ती कंटाळून आत निघून जाई. मग मीच एकदा विचारलं. आम्ही दोघी मागच्या दारी बसून वालीच्या शेंगा निवडत होतो. म्हटलं, "तू नेमकं काय करतेस, मला समजेल असं सांग."

"ताऱ्यांवरच्या डागांचे नकाशे करते."

"सूर्यावर असतात तसे डाग?"

"तसेच, पण फार मोठे. काही तारे जोरात गरगर फिरतात, त्यांच्या पोटात चुंबकशक्ती खूप. ती जिथे पृष्ठभागावर येते तिथे आतली उष्णता वर यायला अडते. ती जागा आजूबाजूपेक्षा थंड पडते, म्हणून काळी दिसते. खरं तर तीही चांगली धगधगत असते. नुसती ती एकटी बघितली तर डोळे दिपतील."

"आणि ते दुर्बिणीतून दिसतात?"

"नाही ना. माझा तारा कितीही मोठ्या दुर्बिणीतून एक ठिपकाच दिसतो."

"ठिपक्यावरचे डाग? ते कसे काढतेस?"

तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा तिचे हात बोलायला लागले. ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडला की त्यात काळ्या रेषा दिसतात. तारा फिरत असतो, त्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते. त्यामुळे एका कडेचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, दुसरीचा तांबड्याकडे, आणि ती रेष रुंद होते. आता पृष्ठभागावर डाग असेल तर त्या रुंद रेषेत एक बारीकसा उंचवटा येतो. डाग या कडेला उगवला, की उंचवटा रेषेच्या या टोकाला. डाग पलीकडे जाईल तसा उंचवटाही चालत पलीकडे जातो. तो कधी उगवला, किती वेळ चालला, कुठे मावळला, हे बघत बघत डाग कुठे असला पाहिजे ते गणिताने ठरवायचं.

"म्हणजे डाग तू बघत नाहीस," मी म्हटलं. "त्याच्या चालीवरून ओळखतेस."

"हो. आणि तिथेच माझं अडलंय." ती पुन्हा शेंगा मोडायला लागली. "माझ्या ताऱ्याच्या ध्रुवावर, ज्याभोवती तो फिरतो त्या टोकावर, एक प्रचंड डाग आहे. म्हणजे माझ्या नकाशात आहे. पण ध्रुवावरचा डाग उगवत नाही, मावळत नाही. त्याचा उंचवटा रेषेच्या मधोमध बसून राहतो. मॅडम म्हणतात, जे हलत नाही ते ताऱ्यावर आहे की तुझ्या गणितात आहे, हे तू मला कसं दाखवणार? आणि मला दाखवता येत नाही. सगळा प्रबंध त्या डागावर उभा आहे."

मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी मनातल्या मनात त्यांच्यावर रागावले.

मग तिने लॅपटॉप उघडणंच सोडलं. सकाळी बाबांचा जुना सदरा चढवून त्यांच्याबरोबर पावस गावी जायची. बागेत गवत कमरेएवढं वाढलेलं. ते काढायचं काम चाललं होतं. बागेची देखभाल करणाऱ्या सुमनवहिनी तिला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "काय गो, किती सुकलीस. ऱ्हातेस ना आता?" ती म्हणाली, "बघू." वहिनींनी तिच्या हातात चिबडाची फोड दिली आणि पुन्हा गवताकडे वळल्या. संध्याकाळी ती घरी यायची ती हातांवर गवताचे ओरखडे घेऊन, केसांत कुसळं. आंब्यांना तांबूस पालवी फुटली होती, ती कशी मऊ लागते, कुठल्या कलमाला जास्त आली आहे, हे ती बाबांशी बोलत बसे. बाबा अगदी खुशीत. मीही. मला वाटायला लागलं होतं, की हे असंच चालेल. माणसं काय, कुठेही रुजतात.

पण ती जेवताना मध्येच थांबायची. हातात घास तसाच, नजर भिंतीवर. मला ती नजर ओळखीची होती. शाळेत काही मुलं चित्र पुरं करून देत आणि मग दारातून वळून बघत. चित्रात काहीतरी चुकलेलं असे आणि ते त्यांना कळलेलं असे. अशा मुलाला मैदानावर पाठवलं तरी ते खेळत नाही.

नवरात्र आलं. लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं होतं. बाबांनी भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात बांधून नवं केलं आणि ते दाराच्या चौकटीला लावलं. मुग्धा त्यांना दोरा देत उभी होती. मग ती आत आली आणि मला म्हणाली, "आई, तू मला एक तारा काढून देशील?"

मला वाटलं, थट्टा करते आहे.

"खरंच. तू माझ्या नकळत एका ताऱ्यावर डाग काढायचे. हवे तिथे, हवे तेवढे. संगणक त्यावरून, तो तारा खराच आकाशात असता तर त्याच्या रेषा कशा आल्या असत्या, ते तयार करील. तो तारा किती कललेला, त्याची रेष किती खोल, हेही संगणकच गुपचूप ठरवील. मला फक्त त्या रेषा मिळतील. मग मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने नकाशा काढीन आणि आपण दोन्ही शेजारी ठेवून बघू."

"बाबांना का नाही सांगत?"

"बाबांना गुपित राहत नाही."

हे खरं होतं. मी हो म्हटलं.

तिने स्क्रीनवर मला ताऱ्याचा पृष्ठभाग उलगडून दिला, शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असायचा तसा. आणि ती खरोखरच घराबाहेर निघून गेली. मी बराच वेळ नुसती बसून होते. मग आधी कागद घेतला, कोळशाने करून बघितलं. मध्यरेषेजवळ एक मोठा डाग काढला, कडा जरा फाटक्या ठेवल्या. त्याच्या वरच्या अंगाला दोन लहान, एकमेकांना खेटून. दक्षिणेकडे आणखी एक, सगळ्यांत मोठा. राहिला ध्रुव. तिथे काढावा का? काढला असता आणि तिला सापडला असता, तर तिचा चेहरा उजळला असता. पण मुलाला जे उत्तर आधीच पाठ आहे तोच प्रश्न घातला, तर ती परीक्षा कसली? ध्रुव मी कोरा ठेवला. मग तेच सगळं माउसने स्क्रीनवर उतरवलं आणि कागद माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला.

रात्री जेवताना बाबांनी हळूच विचारलं, "सोपा काढलास ना?"

"काढला."

"म्हणजे अवघड काढलास," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेलेली होती. अश्विनातलं ते ऊन, पंखा बंद, झावळीसुद्धा हलत नाही. मुग्धा ओटीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मला हाक मारली, तशी मी पदराला हात पुसत तिच्या मागे जाऊन उभी राहिले. नकाशा तयार झाला होता. मध्यरेषेजवळचा माझा डाग अगदी जागेवर होता, जरासा ताणल्यासारखा. दोन लहान डागांचा मिळून एक झाला होता. दक्षिणेकडे काहीच नव्हतं. आणि वर, ध्रुवावर, काळी टोपी घातल्यासारखा एक डाग बसला होता.

ती स्क्रीनकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. "आई?"

तो क्षण मला अजून तसाच्या तसा आठवतो. खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. हो म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी आनंदाने तिकीट काढून गेली असती. नाही म्हटलं तर ती राहणार होती, मला हवी तशी, पण मोडून. दोन्हीकडे मला काही मिळत होतं आणि काही जात होतं. मी तो हिशेब करत बसले नाही. शाळेत इतकी वर्षं मुलांच्या चित्रांकडे बघून जे सवयीने बोलत आले तेच बोलले. जे दिसलं ते.

"तिथे मी काही काढलं नव्हतं, बाळा."

तिने मान हलवली. लॅपटॉप हळूच मिटला. "भाट्याला जाऊन येते," म्हणाली आणि चपला घालून समुद्राकडे निघून गेली.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. ती रडली नाही, चिडली नाही. पावसला गेली, गवत बांधलं, वहिनींबरोबर पेंढ्याची उडवी रचली. बाबांना म्हणाली, बागेत ठिबक करून घेऊ. ती राहणार हे आता ठरल्यासारखंच होतं. मला हवं तेच होत होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

मग एका सकाळी मी दिवाळीच्या पोह्यांसाठी भात उन्हात पसरत होते. ती येऊन शेजारी बसली. पायाने दाणे सारखे करता करता विचारलं, "दक्षिणेकडे तू काही काढलं होतंस का?"

"सगळ्यांत मोठा डाग तिथेच होता."

तिने मान डोलावली. "तो मला दिसणारच नव्हता. तो तारा असा कललेला आहे की त्याची ती बाजू आपल्याकडे नीट वळतच नाही."

"मग तिथे काय आहे ते तुला कधी कळणार नाही?"

"नाही." हे ती अगदी सहज बोलली. "ते चालतं. जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणता येतं. पण जे नाही ते दिसलं, त्याचं काय करायचं?"

मी म्हटलं, "मला तेच समजत नाही. तो काळोख मी काढला नाही, तू मुद्दाम काढला नाहीस. मग आला कुठून?"

ती दाणे सारखे करत राहिली. पण त्या दुपारी लॅपटॉप उघडला. मी स्वयंपाकघरातून बघितलं आणि लाडवांचं बेसन भाजत राहिले.

काय झालं होतं ते तिने मला नंतर सांगितलं. डाग नसताना ती काळी रेष मुळात किती खोल असते, हा एक आकडा सुरुवातीलाच धरावा लागतो. तिने धरलेला आकडा किंचित जास्त होता. प्रत्यक्षातली रेष तेवढी खोल नसली, की गणित तो फरक भरून काढायला जागा शोधायचं, आणि जिथे उंचवट्याला चालावं लागत नाही अशी जागा एकच, ध्रुव. तिथे ते काळोख ओतायचं. लबाडी कोणाचीच नव्हती. एक साधं गृहीत धरलेलं, इतके दिवस कोणी न तपासलेलं.

त्यानंतर मी तिला कितीतरी तारे काढून दिले. सकाळी चहा झाला की ती म्हणायची, "आज एक काढ." मला त्यात रंग चढत गेला. कधी ध्रुवावर डाग काढला, कधी नाही. कधी आळशासारखा एकच ठिपका, कधी सगळा तारा देवीचे व्रण आल्यासारखा. तिने तो खोलीचा आकडा आता रेषांकडूनच काढून घ्यायला सुरुवात केली होती. हळूहळू माझ्या कोऱ्या ध्रुवांवर काही येईनासं झालं. जिथे मी काढला होता तिथे मात्र येत राहिला. दुपारी दोघींचे नकाशे शेजारी ठेवून आम्ही बघत असू. "ही कड तू फाटकी काढली होतीस," ती म्हणे, "मला गुळगुळीत दिसते. तेवढं बारीक मला दिसत नाही." मी तिला लहानपणी हात धरून रेघ काढायला शिकवली, तेव्हासुद्धा आम्ही इतक्या जवळ बसलो नसू.

एवढं झाल्यावर आता खऱ्या ताऱ्याच्या रेषा पुन्हा लावून बघायच्या होत्या. ती मुद्दाम एक दिवस थांबली. म्हणाली, "आज नको. आज मी घाबरलेली आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून बसली. बाबा पेपर वाचायचं सोंग करत होते. बराच वेळ गेला, आणि मग तिने नुसतं "या" म्हटलं.

ती मोठी काळी टोपी गेली होती. तिच्या जागी एक लहान डाग होता. ध्रुवावर नव्हे, ध्रुवापासून जरासा कललेला, एका अंगाला.

"लहान झाला," बाबा म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "पण आहे. आणि बघा, तो अगदी मध्ये नाही. म्हणजे तो थोडा थोडा हलतो. त्याला चाल आहे." तिने बोट ठेवून दाखवलं. मला ती चाल कळली नाही. तिचं बोट तिथून निघत नव्हतं, ते मात्र दिसलं. संध्याकाळी ती मॅडमशी फोनवर बोलली. इंग्रजीत, भरभर. एकदा दोघी मोकळेपणी हसल्या. मी मॅडमवरचा राग त्या दिवशी सोडून दिला.

दिवाळी चांगली झाली. पहाटे तुळशीपुढे कारीट फोडलं, दडपे पोहे, दुधातले पोहे, गुळाचे पोहे झाले. दिवाळी झाली आणि ती निघाली. स्टेशनवर बाबा चहा आणायला गेले, तेव्हा बाकावर आम्ही दोघीच होतो.

"आई, मी राहावं असं तुला वाटत होतं ना?"

"हो."

"मला माहीत होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून. तेवढं एकच तू खोटं बोलली असतीस."

गाडी आली. बाबांचे चहाचे कप हातातच राहिले.

तिचा प्रबंध झाला. योजला होता त्यापेक्षा लहान झाला, ती म्हणते बरा झाला. आता ती दुसऱ्या देशात असते, नोकरी आहे, घर आहे. दर वर्षी यायचं म्हणते आणि वर्षाआड येते, तेही मे महिन्यात, आंब्याला. अश्विनात तिच्या कॉलेजचे वर्ग चालू असतात. इकडचं हे ऊन तिने त्यानंतर बघितलेलं नाही. मी फोनवर सांगते, सोनकी आली, गवत काढायला माणसं मिळत नाहीत, गरवं भात अजून उभं आहे. ती ऐकते. मधूनच विचारते, पालवी आली का.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "आई, माझ्या त्या ताऱ्याच्या नव्या रेषा मिळाल्या. नकाशा केला. तो ध्रुवाजवळचा डाग आता नाही."

मी विचारलं, "म्हणजे तुझं चुकलं होतं?"

"नाही गं." ती अगदी शांत होती. "डाग येतात, विरतात. तेव्हा होता."

फोन ठेवून मी ओटीवर आले. बाबा आरामखुर्चीत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"तिच्या ताऱ्यावरचा तो डाग गेला."

"मग?"

"मग काही नाही. म्हणाली, तेव्हा होता."

बाबा अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिले.

"त्या वर्षी दिवाळीपर्यंत होती, नाही?" ते म्हणाले.